आधी जिंकू, मग बघू

नाशिक, डिसेंबर 2025

प्रिय गड्या,

दिवाळीला तुझा फोन आला, मी 'नंतर करतो' म्हणालो आणि केला नाही. त्याआधीही दोन-तीनदा असंच झालं. रागावला असशील तर तुझा हक्कच आहे. तब्येतीचं उरकून टाकतो: माझी साखर आटोक्यात, हिचा खोकला थंडीनं वाढलाय, बाकी ठीक.

काल पक्षाच्या मीटिंगमध्ये एक वाक्य ऐकलं आणि तेव्हापासून तूच डोळ्यांपुढे आहेस. रात्री झोप नाही. घरात सांगितलं तर 'सोडा ना ते राजकारण' एवढंच ऐकायला मिळतं.

महापालिकेची निवडणूक लागते आहे हे पेपरात वाचलं असशील. 2017 च्या फेब्रुवारीत मतदान झालं, मार्च 2022 ला मुदत संपली, तेव्हापासून प्रशासकच. आपली महापालिका झाली 1982 ला आणि पहिली निवडणूक व्हायला 1992 उजाडलं. अण्णा म्हणायचे, पोराचं बारसं दहाव्या वर्षी. आताही लोकांना दार ठोठवायला नगरसेवकच नाही. म्हणून वरून आदेश आला: घरोघरी जा, तरुणांना पुढे आणा, पक्ष नव्यानं बांधा. गड्या, मला खरंच आनंद झाला. यादी काखेत मारून गल्लीत उतरायचं म्हटल्यावर गुडघेही कुरकुरले नाहीत.

आता वही नसते, ॲप असतं. घरात मतदार किती, मोबाइल नंबर काय, लाभार्थी कोण. लाडक्या बहिणीचे येतात का, शेतकऱ्याचे येतात का, रेशनचं धान्य मिळतं का. मग दाराला स्टिकर लावायचं, घरच्यांबरोबर फोटो काढायचा, तो चढवायचा. दिवसाला पन्नास घरं.

सुरुवात टेलरमामांच्या घरापासून केली. मामांच्या खुर्चीवर आता त्यांची सून बसते, मशीन तेच. ती म्हणाली, "दीड हजार येतात भाऊ. ई-केवायसीला हेलपाटे पडले, पण येतात, मी नाही म्हणणार नाही. तुम्ही पाण्याचं बोला. पहाटे पाचला करंगळीएवढी धार येते, दुसरा हंडा लावेपर्यंत जाते." मी ॲपमध्ये पाण्याचं कुठे लिहायचं ते शोधत बसलो. ती बिचारी चहा टाकून आली तरी मी शोधतोच आहे. रकानाच नाही. शेवटी पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून घेतलं.

मग प्रत्येक घरी तेच. गटाराचं झाकण, बोळातला दिवा, पोराला अंबडच्या एमआयडीसीत काम. तपोवनाचं तर विचारूच नको. कुंभातल्या साधूंच्या मुक्कामाला, साधुग्रामसाठी, तिथली अठराशेच्या आसपास झाडं काढायचं निघालं ना, तेव्हापासून म्हातारी माणसंसुद्धा अडवून विचारतात. एक आजोबा म्हणाले, "कुंभ आमचाच आहे रे, साधूही आमचेच. पण 2027 ला ते ज्या सावलीत बसायचे, तीच काढायची?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. खोटं सांगितलं नाही. 'तुमचं म्हणणं पोचवतो' म्हणालो आणि लिहून घेतलं. आणि चार बटणांचं कोडं आहेच. 1992 ला एक वॉर्ड, एक माणूस. तो कुठे चहा पितो हेही आपल्याला ठाऊक असायचं. आता एका प्रभागात चौघं नगरसेवक, म्हणून मत देताना बटणंही चार. झाकण फुटलं तर चौघांपैकी कुणाकडे जायचं, हे मलाच धड सांगता येत नाही, तर मावशींना काय सांगू?

चार दिवसांत एकेचाळीस पत्रकं भरली. काल ती घेऊन मीटिंगला गेलो. म्हटलं, ॲपमध्ये तक्रारीचा एक रकाना द्या, नाहीतर हे कागद तरी कुणी ठेवून घ्या. आमचा प्रभारी पोरगा तिशीचा, हुशार आहे, वागायलाही चांगला. तो म्हणाला, "काका, आपण झालेलं काम सांगायला जातोय, गाऱ्हाणी गोळा करायला नाही. आधी जिंकू, मग बघू."

माझंच वाक्य ना ते? शब्दन् शब्द.

1992 ची, रविवार कारंजावरची ती माडी, भिंतीला गेरूचे डबे टेकवलेले, आणि तू ती लाल वही घेऊन उभा. सायकलवर अख्खा वॉर्ड पालथा घालून तू नळ, मोऱ्या, दिवे लिहून आणले होतेस, गल्लीवार. सभेत वाचून दाखवायचं म्हणत होतास. मी सगळ्यांसमोर म्हणालो, आधी जिंकू, मग बघू. जिंकलो. वही कुणी उघडली नाही. तू दोन वर्षं वाट पाहिलीस आणि पक्ष सोडून निघून गेलास, आणि दहीपुलावर भर गर्दीत मी तुला पळपुटा म्हणालो. माझे वडील गेले तेव्हा तू खांदा द्यायला आलास, तोवर आपण बोललो नव्हतो. त्या शब्दाची माफी मी आजवर मागितली नाही. आज मागतो.

तेव्हा अण्णांशी झालेलं तुझं भांडण आठवतंय? अण्णा मद्रासच्या काँग्रेसवाल्या कामराजांचं सांगायचे: 1963 ला स्वतः मुख्यमंत्रिपद सोडलं, त्यांच्यासह सहा मुख्यमंत्री आणि सहा केंद्रीय मंत्री खुर्च्या सोडून पक्षकामाला निघाले, याला म्हणतात पक्ष ताजा करणं. तू म्हणालास, मग 1967 ला खुद्द कामराज विरुधुनगरला एका विद्यार्थी नेत्याकडून कसे हरले? अण्णांनी तुझ्यावर अडकित्ता उगारला होता. मला आता वाटतं, दोघांचंही बरोबर होतं. खुर्ची सोडायला धाडस लागतंच. पण सोडून लोकांत गेल्यावर ऐकावंही लागतं.

आमच्याकडे तर खुर्ची कुणी सोडतच नाहीये, वर नव्या खुर्च्या मांडतायत. परवा मोठा पक्षप्रवेश झाला. ज्याच्या माणसांनी तुझी सायकल गांधी तलावात टाकली होती तो व्यासपीठावर, गळ्यात आपलं उपरणं. (घंटीसाठी तू किती हळहळला होतास रे! सायकल मिळाली, घंटी गेली.) याला नवेपण म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कोविडमध्ये सिलिंडरसाठी रात्ररात्र फिरलेली आपल्या गल्लीतली तीन पोरं आहेत. तिकीट राहू दे, त्यांना साधा बूथही दिला नाही. ती काल मागच्या रांगेत बसली होती. तो पोरगा 'मग बघू' म्हणाला तेव्हा त्यांच्यातला एक उठून बाहेर गेला. अगदी तुझ्यासारखा, चप्पल न वाजवता. मी त्याच्या मागे गेलो. तेव्हा तुझ्या मागे गेलो नव्हतो.

त्याला म्हटलं, थांब, पक्ष सोडू नकोस. तो म्हणाला, "काका, कशासाठी थांबू ते सांगा." मी त्याला तुझ्या वहीचं सांगितलं. त्याला ती बघायची आहे.

धाकटीचं ठरल्याचं कळलं, फार बरं वाटलं. तारीख कळव, आम्ही दोघं येतो. वहिनींच्या गुडघ्याला आराम पडला का? तुझी दुकानाची जागा सुटली का ते राहूनच गेलं विचारायचं.

वही अजून असेल ना तुझ्याकडे? कुरिअरने नको, स्वतः घेऊन ये. मंगळवारी पुन्हा मीटिंग आहे. बाहेर गेलेल्या त्या पोराला शेजारी बसवून एकेचाळीस कागद टेबलावर ठेवणार आहे, आणि घेतले नाहीत तर मोठ्यानं वाचणार आहे. टेलरमामांच्या सुनेपासून सुरुवात करीन. त्यांचा नळ तुझ्या वहीतही असणार, बघ जरा.

तुझाच