टेकाडावर फवारणी झाली

प्रिय शालू,

बातमी आधी सांगते, बाकीचं मग. आपल्या रानभाज्यांच्या टेकाडावर तणनाशक मारलंय. खालच्या वडापासून पार काजूच्या रांगेपर्यंत. भर आषाढात चहूकडे हिरवंगार असताना तेवढाच पट्टा करपलेला दिसतो. परवा तुझा फोन आला तेव्हाच सांगणार होते, पण तुझ्याकडे मिक्सर चालू होता आणि मला हे ओरडून सांगायचं नव्हतं. घरात सांगितलं तर हे म्हणाले, "गवतच ना गेलं? साप तरी कमी होतील." म्हणून हे पत्र.

तब्येत बरी आहे. गुडघा पावसात कुरकुरतो, गोळ्या चालू. यांची साखर आटोक्यात. झालं.

अप्पांच्या वेळी त्या वरकस उतारावर वर्षातून दोनदा गडी लावून गवत कापायचे, आठवतं ना? कोयता हातात असला की माणूस खाली बघतो. कंटोळीचा वेल दिसला की बाजूला सारतो, टाकळ्याचा चांगला ताटवा असला की बायकोला सांगतो. फवारणीच्या पंपाला कसला वेल नि कसला ताटवा. आताचे मालक शहरात राहतात, फोनवरून सगळं चालतं. मजूर मिळत नाही हे त्यांचं म्हणणं खोटं नाही, मिळाला तर परवडत नाही हेही खरं. पण एका दिवसात एका पोरानं, पायात चप्पल नाही, तोंडाला फडकं नाही, सगळा उतार भिजवून टाकला. त्याला विचारलं, "काय मारलंस रे?" तर म्हणाला, "पांढऱ्या कॅनमधलं." नाव त्यालाही ठाऊक नाही.

आणि माझा सगळा जीव त्या नावात अडकलाय. पॅराक्वाटसारखं वरून जाळणारं असेल तर पानं दोन-तीन दिवसांत करपतात. ते भयानकच, पोटात गेलं तर त्याला उतारा नाही. पण ते पानावरच थांबतं, जमिनीतला शेवळाचा-कंटोळीचा कंद बहुतेक वाचतो आणि पुन्हा फुटतो. ग्लायफोसेट असेल तर गोष्ट वेगळी. ते पानातून आत शिरतं आणि मुळापर्यंत, कंदापर्यंत उतरतं. झाड आठ-पंधरा दिवस हळूहळू पिवळं पडत जातं आणि मग बुडासकट मरतं. कातकरी वाडीवरची मावशी म्हणाली, आधी पिवळं पडलं, मग सुकलं. ते ऐकल्यापासून मला नीट झोप नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं ग्लायफोसेटवर निर्बंध घातले होते, ते कीडनियंत्रणाच्या परवानाधारक माणसांकडूनच मारून घ्यायचं म्हणून. आमच्या बांधावर तो कागद काही पोचलेला दिसत नाही.

तू म्हणशील, यंदाची शेवळं तर मिळाली होती. मिळाली. मृगाच्या आधीच्या सरींनी भराभर वर आली, खाज मारायला काकडाची फळं घालून केली, तुझी आठवण काढून खाल्ली. पण शेवळाचं पान मागाहून येतं, शालू. फूल आधी, आणि ते सुकल्यावर छत्रीसारखं एकच पान. ते पान दोन-तीन महिने ऊन खाऊन कंद भरतं आणि त्या कंदावर पुढच्या वर्षीचं शेवळ उभं राहतं. फवारा बरोबर त्या पानांवर पडलाय. त्यामुळे नुकसान किती झालं ते आत्ता कळणारच नाही, पुढच्या जूनमध्ये कळेल.

शेवळावरून आठवलं. तुला बघायला आलेली रोह्याची मंडळी! थोरल्या काकूंनी काकडं न घालताच भाजी केली आणि अख्खी पंगत घसा खाजवत उठली. मुलाचे मामा तर मोरीवर गुळण्या करत अर्धा तास उभे. स्थळ मोडलं म्हणून तुझी आई आठवडाभर काकूंशी बोलली नाही, आणि तू परसात मला मिठी मारून हसत होतीस. आजही भावजींना सांग, त्यांचा संसार शेवळानं जुळवला.

आता मला काय खुपतंय ते नीट मांडते, कारण तू लगेच म्हणशील की तुझी परसबाग एवढी फुलली आहे, तुला टेकाड कशाला हवं. परस खरंच फुललंय. मोरीचं पाणी अळवाला आणि केळीला जातं, दोघांनाही ते मानवतं. गळके माठ वेलांच्या बुंध्याशी पुरलेत, उन्हाळ्यात रात्री भरून ठेवले की झिरपत राहतात. करवंट्यांत मिरची-वांग्याची रोपं केली, आंब्याच्या मोडक्या पेट्यांत माठ आणि लाल भाजी पेरली. सासूबाईंची विटकी नऊवारी मांडवाला वेल बांधायला कामी येते, दोरीसारखी ती खोडाला काचत नाही. माव्यासाठी चुलीतली राख. बी तर मी विकत घेणं केव्हाच सोडलंय. तवसाचं आणि भोपळ्याचं बी शेणात कालवून भिंतीला थापते, तुझी आई थापायची तसंच. पण हे सगळं पेरायचं मृगात. भेंडी, पडवळ, शिराळी, काकडी श्रावणाशिवाय हाताला लागत नाही. उन्हाळी भाजी तोवर संपलेली, आठळ्या आणि सांडगे संपत आलेले. मधला तो दीड-दोन महिन्यांचा खड्डा आपल्या घरांनी कशावर काढला? टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, मग कंटोळी. एकही आपण लावलेली नव्हती. मला वाटतं, आपण ज्याला काटकसर म्हणत आलो तिचा निम्मा भार त्या टेकाडानं उचलला होता, सातबारावर आपलं नाव नसताना. कुणी हाकललं नाही, कुणी हिशेब मागितला नाही. तो अलिखित करार मोडला गेला आणि त्याबद्दल दाद मागायला जागाच नाही.

आणि मला निदान परस आहे. मावशीला काय आहे? तिच्या वाडीवरच्या कातकरी बायका पावसाळ्यात माणगावच्या बाजारात वाटे लावून बसतात, त्यावर मीठ-मिरची आणि पोरांच्या वह्या. कंटोळी महाग जाते, तीच त्यांची खरी कमाई. या बुधवारी ती माझ्या पायरीवर रिकामी टोपली घेऊन बसली. मी भात वाढला, ती जेवली, पण नेहमीसारखी बोलली नाही. तिला दुसरीच भीती आहे आणि ती बरोबर आहे. अशा औषधानंतर सुरुवातीचे काही दिवस भाजी हिरवीच दिसते. पाटी नाही, दवंडी नाही. कुणाच्या पोरीनं त्या दिवशी टाकळा खुडला असता तर? तिच्या नातीनं खुडलाही असेल, तिला नक्की आठवत नाही. सुदैवानं सगळी बरी आहेत.

इथे आपलं जुनं भांडण येतं. तू तेव्हापासून म्हणत होतीस, कंद खणून परसात लावू, आपल्या हक्काची कंटोळी होईल. मी म्हणायचे, टेकाडावरची आहे ती सगळ्यांची आहे, तिथेच राहू दे. त्यावरून तू महिनाभर माझ्या घरी आली नव्हतीस, आणि तुझा निरोप घेऊन बापूकाका यायचे! मी अजूनही माझ्या बाजूला आहे, सांगून ठेवते. कंद माझ्या गडग्याच्या आत आले तर माझी भाजी सुटेल, मावशीची नाही. राहीबाई पोपेऱ्यांनी अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्यात आपल्या घरात केवढं बियाणं राखलं, २०२० ची पद्मश्री मिळाली त्यांना. मी त्यांना मनोमन हात जोडते. पण बी मडक्यात राहतं, उतार कशात ठेवायचा?

तरीही आता थोडे कंद हलवायलाच हवेत, सगळं जाण्यापेक्षा. बियांवर भरवसा नाही, कंटोळीचं बी हट्टी, उगवता उगवत नाही. आणि कंद आणायचे तर नर वेल आणि मादी वेल वेगवेगळे, दोन्ही हवेत. मादीच्या फुलाखाली बारीक काटेरी गाठ असते, नराच्या फुलाखाली काहीच नाही, हे तूच मला शिकवलंस. कंद खणायचे वेल सुकल्यावर, हिवाळ्यात. पण तोवर वेल वाळून नाहीसा होतो आणि जागा सापडत नाही. म्हणून फुलं आहेत तोवर खुणा करायला हव्यात. औषध पोचलं नाही असा वरचा कोपरा शिल्लक आहे, जुन्या विहिरीच्या मागचा. तिथले मादी वेल कुठे कुठे होते ते तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. खुणेच्या चिंध्या तूच बांधायच्या.

मालकांशी मी फोनवर बोलले. सभ्यपणे ऐकून घेतलं त्यांनी. मी म्हटलं, वाडीवरची माणसं गवत कापून देतील, मजुरी तुम्ही अर्धी द्या, बदल्यात भाजी त्यांची. कापलेलं गवत कलमांच्या आळ्यात पसरलं तर उन्हाळ्यात ओल टिकते, पाण्याचा खर्च वाचतो, तोही तुमचाच फायदा. आणि फवारायचंच असेल तर आधी वाडीवर एक फोन करा. "बघतो" म्हणाले. नाही म्हणाले नाहीत, त्यावर सध्या दिवस काढतेय. ग्रामसभेत विषय काढायचा आहे. तिथे मला हाताशी कुणी तरी हवं, कारण मी चिडले की रडते आणि मग कुणी मनावर घेत नाही. तू चिडलीस की आकडे सांगतेस.

तुझं काय? रिडेव्हलपमेंटचं कुठवर आलं? भाड्याच्या घरात गॅलरी आहे म्हणालीस, पुदिना नक्की लाव, देठ पाण्यात ठेवलास तरी फुटतो. सूनबाईंना कितवा महिना? डिंकाचे लाडू मी करून देईन, तू नको करूस, तुझे दगड होतात. धाकट्याची बंगलोरची नोकरी पक्की झाली का तेही कळव.

नारळी पौर्णिमेच्या आत ये. सकाळची एसटी धर, माणगावला उतर, मी रिक्षा पाठवते. येताना जुन्या सुती साड्या आण, रंग उठून दिसतील अशा. हिरवी आणू नकोस, वेलात सापडणार नाही. पावसाळी चपला आण, गेल्या वेळी माझ्या घालून फाडल्यास. मावशीला मी सांगून ठेवलंय की शालू येणार आहे. तिनं विचारलं, "ती कंदावरून भांडणारी?" मी हो म्हटलं.

तुझी,
कुंदा

ता. क. भावजींना रजा मिळत नसेल तर एकटी ये. कोयता इथे आहे.