तो बहावा नाहीये (आणि स्लो लोकलबद्दल थोडंसं)

मा. संपादक,
स.न.

मागच्या रविवारच्या पुरवणीत रोजच्या जगण्यात आनंद कसा शोधायचा म्हणून तुम्ही पानभर टिप्स दिल्या होत्या, पहाटे पाचला उठा, ध्यान करा, रात्री झोपताना डायरीत तीन चांगल्या गोष्टी लिहा वगैरे. वाईट काहीच नाही त्यात. पण मी डोंबिवलीहून फोर्टला जाते, पाचला उठतेच, डबे करायला, आणि रात्री डायरी उघडलीच तर त्यात उद्याच्या भाजीची यादी होईल. म्हणून माझं काय झालं ते सांगते, छापायचं तर छापा.

एकवीस वर्षं मी फास्टनेच गेले. वीसेक मिनिटं वाचतात ना. आधी फास्ट पारसिकच्या बोगद्यातून जायची, तो १९१६ चा बोगदा, त्यामुळे मुंब्रा-कळवा कधी दिसलंच नाही. मग २०२२ ला नवीन लाईन झाली आणि फास्टपण मुंब्र्यावरून जायला लागली, पण दोन बायकांच्या खांद्यांमधून आणि तिसरीच्या पर्सवरून खाडी काय दिसणार! २०२५ च्या ९ जूनला मुंब्र्याजवळ लोकलमधून माणसं पडली, गेली, त्यादिवशी घरी मुलीने निक्षून सांगितलं की आई तू फास्ट सोड. सोडली. आता डोंबिवलीहूनच सुटणारी स्लो पकडते, थोडं लवकर निघावं लागतं पण बसायला मिळतं, कधीकधी विंडोपण.

पहिला महिना नुसती चिडचिड झाली, कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, प्रत्येक स्टेशनला घड्याळ बघायचं आणि शेजारून फास्ट धडधडत गेली की जीव जळायचा. मग पावसाने जोर धरला आणि एका सकाळी मुंब्र्याच्या डोंगरावरून तीन-चार ठिकाणी पांढऱ्या रेघा उतरलेल्या दिसल्या, धबधबे, आणि वर कड्यात मुंब्रादेवीचं देऊळ अर्धं ढगात. मी शेजारणीला विचारलं हे नेहमी असतं का? ती म्हणाली, हो मग, दरवर्षी. एकवीस वर्षं दरवर्षी!

आमच्या डब्यात एक ताई आहेत, नाव लिहित नाही, त्यांना आवडणार नाही. रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलीत. त्यांना रुळाकडेची झाडं पाठ आहेत, म्हणजे अगदी कुठल्या सिग्नलजवळ काय आहे ते. काटेसावर फेब्रुवारीत, पानं नसतात आणि नुसती लाल फुलं, त्यावर कावळे-साळुंक्यांची जत्रा. मग गुलमोहर, तो आपला नव्हेच म्हणे, मादागास्करचा. तामण हे महाराष्ट्राचं राज्यफूल आहे हे मी शाळेत पाठ केलेलं, मार्कपण मिळाला असेल त्याचा, पण झाड म्हणून ते बघितलं वयाच्या सेहेचाळीसाव्या वर्षी, विद्याविहारच्या अलीकडे गाडी सिग्नलला अडकली तेव्हा. जांभळं, चुरगळलेल्या क्रेप कागदासारखं फूल. गाडी सुटूच नये असं त्यादिवशी पहिल्यांदा वाटलं, लेटमार्क लागला ती गोष्ट वेगळी.

संध्याकाळचं अजून वेगळं. सीएसएमटीला चढताना कुणाकडे तरी मेथी नाहीतर मटार असतोच, मांडीवर पेपर पसरायचा (तुमचाच असतो बहुतेक, राग मानू नका) आणि चौघींनी निवडायला घेतलं की घाटकोपर यायच्या आत जुडी संपते. पूर्वी मला हे लेडीज डब्यातलं कामच वाटायचं, आता ज्या दिवशी कुणाकडे भाजी नसते त्या दिवशी चुकल्यासारखं होतं.

गर्दी छान असते असं मी अजिबात म्हणत नाहीये हं. ठाण्यानंतर स्लोलाही पाय ठेवायला जागा नसते, चौथ्या सीटवर अर्धं टेकून कुर्ल्यापर्यंत जाणाऱ्या बाईला तामण दाखवायला गेलात तर ती काय म्हणेल ते इथे लिहिता येणार नाही. फेऱ्या वाढवायलाच पाहिजेत, त्यावर तुम्ही लिहिता ते लिहित राहा.

पण पत्राचं खरं कारण वेगळंच आहे. त्या टिप्सच्या लेखाबरोबर पिवळ्या झाडाचा मोठा फोटो आहे आणि खाली 'बहरलेला बहावा' असं छापलंय. सोमवारी तो पेपर आमच्या डब्यात ह्या सीटवरून त्या सीटवर फिरला आणि मुलुंडपर्यंत वाद झाला. बहाव्याची फुलं झुंबरासारखी खाली लोंबतात आणि शेंग लांब काळी काठीसारखी असते. तुमच्या फोटोत फुलांचे तुरे वर तोंड करून उभे आहेत आणि मागे चपट्या तांबूस शेंगांचे घोस स्पष्ट दिसतायत, म्हणजे तो सोनमोहर आहे. ताईंचं म्हणणं तेच, आणि उरलेल्या तिघींनीही शेवटी मान्य केलं. कृपया दुरुस्ती छापावी.

आपली,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)