कोंबडीच्या मांसातील औषधाबद्दल

वागेनिंगेन, नेदरलँड्स

तीर्थरूप आबांस,
सुहासचा शिरसाष्टांग नमस्कार.

दादाने लांज्याच्या शेडमधल्या पक्ष्यांना दिलेले औषध विक्रीपर्यंत ‘विरून जाते’, असे दुकानदार सांगतो. ते खरे का, असे आपण विचारलेत. काही औषधांपुरते ते खरे आहे, फ्युराझोलिडोन या जंतुनाशक औषधाबाबत मुळीच नाही.

हे औषध पक्ष्याच्या शरीरात काही तासांतच मोडते, त्यामुळे मूळ औषध शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. परंतु त्याचा ‘एओझेड’ नावाचा एक अंश मांसातील प्रथिनांना चिकटून कित्येक आठवडे राहतो आणि शिजवूनही जात नाही. येथील प्रयोगशाळेत आम्ही त्यालाच गाठतो. मांसाचा थोडा लगदा सौम्य आम्लात घालून, त्यात नायट्रोबेन्झाल्डिहाइड हे रसायन मिसळून, रात्रभर ३७ अंशांवर ठेवतो. आम्लामुळे तो अंश प्रथिनापासून सुटतो आणि हे रसायन त्याला जोडले गेल्याने यंत्राला नीट दिसण्याइतका जड होतो. सकाळी अर्क काढून क्रोमॅटोग्राफीच्या, म्हणजे मिश्रणातील घटक वेगळे करणाऱ्या, नळीतून सोडला की मास स्पेक्ट्रोमीटर हे रेणूंचे वस्तुमान मोजणारे यंत्र २३६ वस्तुमानाचा आयन (विद्युतभारित रेणू) निवडून फोडते, आणि १३४ व १०४ हे दोन तुकडे ठरलेल्या वेळी, ठरलेल्या प्रमाणात आले तरच आम्ही औषध असल्याचे लिहून देतो. एकाच तुकड्यावरून कोणाचा माल नाकारणे मला तरी अन्यायाचे वाटते.

युरोपात १९९५ पासून या औषधाला बंदी आहे, आणि नोव्हेंबर २०२२ पासून कारवाईची मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम, म्हणजे दोन हजार टन मांसात एक ग्रॅम, इतकी खाली आली आहे. ऑक्सिटेट्रासायक्लिन या दुसऱ्या जंतुनाशकाचे तसे नाही. ते मांसात किलोमागे १०० आणि मूत्रपिंडात ६०० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते, म्हणून तेथे शेवटच्या मात्रेनंतर किती दिवस थांबलो यालाच महत्त्व.

आईला सांगावे की कोळंबी मात्र सोलूनच तपासावी लागते, कारण फ्युराझोलिडोनच्याच गटातील नायट्रोफ्युराझोन या औषधाची खूण मानले जाणारे सेमीकार्बाझाइड तिच्या कवचात निसर्गतःच असते, आणि औषध न पाहिलेल्या कोळंबीवरही आळ येतो. तिचे सोडे त्यातून सुटले!

दादाने प्रत्येक बॅचची औषधे, तारखा आणि बाटलीवर लिहिलेले थांबण्याचे दिवस वहीत टिपावेत, आणि लेबल नसलेली पावडर खाद्यात मुळीच मिसळू नये. लिफ्टिंगच्या, म्हणजे पक्षी विक्रीसाठी उचलण्याच्या, आठवड्यात ते आजारले, तर औषध देऊन विक्री पुढे ढकलावी. व्यापारी कुरकुरला तरी चालेल.

सौ. आईस साष्टांग नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
सुहास