टक्के कमी पडले, पण कशात?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दिव्यांगत्वाच्या फेरतपासणीत 'टक्के कमी पडले' म्हणून ज्यांचे मासिक अनुदान थांबले, अशा दीर्घकाळ आजारी माणसांपैकी मी एक आहे. कोकणातला माझा जिल्हा आणि तेथील रुग्णालय यांची नावे मी मुद्दाम लिहीत नाही, कारण कोणा एका डॉक्टरांना दोष देण्यासाठी हे पत्र नाही.

मला बारा वर्षांपासून मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. या आजारात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जू यांतील चेतातंतूंच्या आवरणावर हल्ला करते. त्यामुळे कधी एका डोळ्याने अंधुक दिसते, कधी बोटांना स्पर्श कळत नाही, कधी पाय उचलत नाही, आणि मग मध्येच काही आठवडे असे बरे जातात की पाहणाऱ्याने म्हणावे, 'हिला झाले आहे तरी काय?' उष्णतेने त्रास वाढणे ही तर या आजाराची ओळखीची खूण. आमचे घर रस्त्यापासून बरेच खाली आहे. जानेवारीत मी गडग्याला धरत, दोनदा टेकत, पाखाडी चढून जाते. मे महिन्यातल्या दमट उकाड्यात मला खुर्चीत बसवून दोघांना वर न्यावे लागते. शिवणाची मशीन चार वर्षांपूर्वीच विकली. हुक-काजाचे काम तेवढे ठेवले होते, पण सुई हातात आहे की नाही हे डोळ्यांनी पाहून ठरवावे लागू लागले, तेव्हा तेही सोडले.

पहिल्या तपासणीत मला ४५ टक्के दिव्यांगत्वाचा दोन वर्षांचा तात्पुरता दाखला मिळाला आणि त्यावर संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे पैसे सुरू झाले. मुदत संपल्यावर फेरतपासणी झाली ती जानेवारीत. एसटीचा साडेतीन तासांचा प्रवास एका दिवसात झेपत नाही म्हणून आदल्या दिवशी जाऊन नातेवाइकांकडे मुक्काम केला, रात्रभर झोप झाली, सकाळी हवेत गारवा होता. चालून दाखवा, हात वर करा, बोटे मिटा, एवढे झाल्यावर पुढच्या माणसाला बोलावले. मी चालले, हातही वर केला. माझ्या कापडी पिशवीत मेंदूविकारतज्ज्ञांचे कागद आणि तीन वेळा रुग्णालयात दाखल झाल्याची डिस्चार्ज कार्डे होती. ती बाहेर काढण्याची वेळच आली नाही. नवा दाखला आला ३४ टक्क्यांचा, आणि अनुदान थांबले. त्या सकाळी डॉक्टरांना जे दिसले ते खरेच होते, फक्त ते वर्षातल्या माझ्या सर्वांत चांगल्या सकाळींपैकी एका सकाळचे होते.

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते आणि त्यांत या आजाराला जागा नव्हती. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला, त्याने प्रकार २१ केले आणि दीर्घकालीन मज्जासंस्थेच्या आजारांत मल्टिपल स्क्लेरोसिस व पार्किन्सन यांची नावे घातली. म्हणजे आजार चढउताराचा असतो हे माहीत असूनच कायद्याने तो यादीत घेतला. मात्र बहुतेक सवलतींचे दार ४० टक्क्यांवर उघडते, आणि केंद्राच्या निवृत्तिवेतन योजनेला तर दारिद्र्यरेषेखालील कुटुंब आणि ८० टक्के अशा दोन्ही अटी आहेत, तेही महिना ३०० रुपयांसाठी.

माझा खरा आक्षेप टक्केवारीपेक्षा ती गाठण्याच्या मुक्या पद्धतीला आहे. दाखल्यावर आकडा असतो. तो कसा आला, काय पाहिले, काय पाहिले नाही, मागच्या खेपेपेक्षा ११ टक्के कशामुळे कमी झाले, यातले काहीही नसते. खिडकीवर विचारले तेव्हा 'वर लिहिले आहे ना बाई, वाचा' असे उत्तर मिळाले. वस्तुतः माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार, प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला देणे हे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे, म्हणजे मी ती मागावीत इतकीसुद्धा अपेक्षा कायदा माझ्याकडून करत नाही. तरीही मी दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून अर्ज केला आणि ३० दिवसांची मुदत संपता संपता माझ्या तपासणीपत्रकाची प्रत हाती आली. अर्ध्या पानाचा कागद. हातापायांच्या ताकदीची नोंद होती. डोळ्याची नव्हती, थकव्याची नव्हती, आजाराच्या झटक्यांची तर एका शब्दानेही नव्हती. हा कागद हाती येईपर्यंत मी स्वतःलाच विचारत होते, आपण खरेच बरे झालो आहोत की काय.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम ५९ नुसार दाखला देणाऱ्या प्राधिकरणाच्या निर्णयाविरुद्ध राज्य शासनाने नेमलेल्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते. हे मला दाखला देणाऱ्यांनी सांगितले नाही, अनुदान थांबवणाऱ्या कार्यालयाने सांगितले नाही. ई-सेवा केंद्रातल्या मुलाने सांगितले, कारण त्याच्या आजोबांना पार्किन्सन आहे. अपिलाला मुदत असते, आणि ती अशा अजाणतेपणात संपून गेली तर पुढचा सगळा कायदा कागदावरच राहतो. माझ्या अपिलासोबत तपासणीपत्रकाची प्रत, तीनही डिस्चार्ज कार्डे आणि मुलीने वर्षभर लिहिलेली वही जोडली आहे: कोणत्या तारखेला काय झाले, काय स्वतः करता आले, काय दुसऱ्याने करावे लागले. सुनावणी व्हायची आहे.

आरोग्य विभागाला आणि दिव्यांग कल्याण विभागाला माझी विनंती साधी आहे. दाखल्यासोबत तपासणीपत्रकाची प्रत न मागता द्यावी, आणि टक्केवारी आधीपेक्षा कमी केली असेल तर त्याचे कारण मराठीत दोन ओळींत लिहावे. अपील कोठे आणि किती दिवसांत करायचे हे दाखल्याच्या मागे छापावे. ती बाजू कोरीच असते. चढउताराच्या आजारांत गेल्या वर्षभराचे कागद पाहिल्याशिवाय आकडा लिहू नये. अपिलाचा निकाल लागेपर्यंत अनुदान चालू ठेवता आले तर उत्तमच, पण पहिल्या दोन गोष्टींना तर एक पैसाही लागत नाही.

माझ्यासारख्या वाचकांसाठी एक सूचना. एमआरआयच्या फिल्म पावसाळ्यात आमच्याकडे एकमेकींना चिकटतात, बुरशी धरतात, आणि नेमक्या सुनावणीच्या दिवशी वाचता येत नाहीत. त्यांचे लेखी अहवाल वेगळे काढून मृगाच्या आधीच झेरॉक्स करून ठेवा आणि मूळ प्रत कोणाच्याही टेबलावर सोडून येऊ नका.

आपली विश्वासू,
एक वाचक, कोकण
(नाव व पत्ता प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)