पूल बांधा, पण सायकलला वाट ठेवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कोकण किनाऱ्याने जाणाऱ्या रेवस-रेडी सागरी महामार्गावरच्या पुलांच्या बातम्या तुमच्या पेपरात अधूनमधून येतात. कुठला पूल किती कोटींचा, किती तास वाचणार वगैरे. मी त्या सगळ्या वाचते, पण एक गोष्ट कधीच दिसली नाही म्हणून हे पत्र. त्या पुलांवरून सायकल जाऊ देणार आहेत की नाही?

हसू नका. मी डोंबिवलीची, वय ४९, नोकरी सांभाळून सायकल चालवते आणि गेल्या डिसेंबरात मी, माझी मैत्रीण आणि माझे दीर असे तिघं भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचमधे सायकली चढवून निघालो ते नऊ दिवसांनी तेरेखोलला पोचलो. मुंबई-गोवा हायवेवर सायकल घालायची हिंमत आमच्यात नाही, २०११ पासून त्याचं चौपदरीकरण चाललंय आणि तिथं ट्रेलरच्या शेजारून हँडल सरळ धरणं म्हणजे जिवाशी खेळ. त्यामानाने किनाऱ्याचा रस्ता म्हणजे माहेर. अरुंद आहे, खड्डे आहेत, पण गाड्या कमी आणि दर दहा-बारा किलोमीटरवर गाव, गावात चहा.

आता लोकांना वाटतं समुद्राकाठचा रस्ता म्हणजे सपाट, काय त्यात. दिवेआगर ते श्रीवर्धन तसं आहे खरं, आरावी-कोंडिविलीकडे समुद्र अगदी पायाशी येतो. पण दाभोळच्या खाली उतरलात की हिशोबच बदलतो. सडा (म्हणजे उघडं कातळाचं पठार), मग उतार, मग खाडी, मग परत चढ, परत सडा. जांभ्याचा सडा वरून सपाट असतो पण सावलीला झाड नाही. एक दिवस आमचे किलोमीटर झाले ६२ आणि चढ ११०० मीटरच्या वर, दीर तर एका घाटीत सायकल आडवी टाकून रस्त्याकडेलाच बसले आणि म्हणाले वहिनी, मी इथंच राहतो, तुम्ही येताना मला घेऊन जा. (येताना आम्ही रेल्वेने येणार होतो.) एक मात्र आहे, उत्तरेकडून दक्षिणेला निघायचं. हिवाळ्यात दुपारी वायव्येचा वारा सुटतो तो पाठीवर येतो, उलटं आलात की रोज दुपारभर तोंडावर.

तर खाड्या. या रस्त्याची सगळी गंमत खाड्यांत आहे आणि माझं म्हणणंही तिथंच आहे. आज आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा चार ठिकाणी आपण जंगल जेटीने पलीकडे जातो, म्हणजे गाड्या चढतात ती फेरीबोट. (तिला जंगल जेटी का म्हणतात ते मला कुणी धड सांगितलं नाही, पण सगळे तेच म्हणतात.) ती नसती तर दाभोळहून गुहागरला जायला चिपळूणचा वळसा आला असता. पायडल मारणाऱ्याला वळसा म्हणजे काय ते गाडीवाल्याला कळायचं नाही, त्याला काही तास जास्त लागतात, आमचा अख्खा दिवस जातो.

दाभोळला आम्ही सकाळी पोचलो तेव्हा बोट लागतच होती. लोखंडी फळी साखळ्यांवर खाली येते आणि धक्क्याच्या उतारावर घासत टेकते, तो आवाज दातात जातो. आधी चारचाकी, मग मोटरसायकली, मग आम्ही. तिकीटवाला पोरगा जरा गोंधळला, मॅडम सायकलला काय लावू, मोटरसायकलचं की नुसतं माणसाचं? शेवटी माणसाचंच लावलं. आम्ही सायकली कठड्याला टेकवल्या आणि शेजारी एक कोळीण बसली होती, रिकामी पाटी उपडी घालून तिच्यावर हात टेकून, म्हणजे पहाटेच मासळी विकून परत निघालेली. तिने माझ्या मागच्या दोन पिशव्यांकडे बघून विचारलं, "काय विकतेस गो बाय?" मी म्हटलं काही नाही, फिरायला निघालेय. त्यावर तिने माझ्याकडे असं बघितलं की दीर पुढचे दोन चढ हसत होते. मग उतरताना तिनेच माझ्या सायकलचं मागचं चाक उचलून धरलं, उतारावर शेवाळ होतं.

मी पुलांच्या विरोधात नाही हे आधीच सांगते नाहीतर गावाकडचे लोक मला धरून मारतील. रात्री-अपरात्री बाळंतीण अडली तर बोट चालू नसते, पूलच पाहिजे. आंजर्ल्याचा पूल झाला, हर्णैकडे जायला होडीची वाट बघावी लागत नाही. देवगडजवळ तारामुंबरी-मिठमुंबरी पूल झाल्यापासून कुणकेश्वर हाकेच्या अंतरावर आलं, आम्ही त्याच पुलावर उभं राहून केळी खाल्ली. अंतुले मुख्यमंत्री असताना, म्हणजे १९८० च्या सुमारास या सागरी रस्त्याचं स्वप्न दाखवलं गेलं, चाळीसेक वर्षं लोकांनी वाट बघितली, बाणकोट खाडीवरचा पूल तर किती वर्षं रखडला. होऊदेत पूल.

पण मला भीती वाटते ती अटल सेतूमुळे. जानेवारी २०२४ मधे तो सुरू झाला आणि त्यावर मोटरसायकल, रिक्षा, ट्रॅक्टर काही चालत नाही, सायकलचं तर नावच नको. वांद्रे-वरळी सी लिंकचं तेच. तिथं वेग मोठा, वारा मोठा, कारणं असतील, मी वाद घालत नाही. पण उद्या रेवस आणि उरणजवळचं करंजा जोडणाऱ्या पुलाच्या तोंडाशी तसाच बोर्ड लागला तर? आणि पूल झाला म्हणून लाँच बंद, जेटी बंद. म्हणजे कार जोरात जाणार आणि आज जी वाट सायकलवाल्याला, चालणाऱ्याला, पाटीवाल्या बाईला आहे ती कायमची गेली. गंमत बघा, उरणपर्यंत आता लोकल आलीये. करंजा पुलाला सायकलची पट्टी ठेवली तर नवी मुंबईतला कुठलाही पोरगा रविवारी सकाळी सायकल घेऊन उरणला उतरेल आणि अलिबागला नाश्त्याला पोचेल. एवढी सोपी गोष्ट आहे. पण आराखड्यातच पट्टी नसेल तर मागून कुणी जोडत नाही.

जपानात शिमानामी काइदो म्हणून रस्ता आहे, ओनोमिची ते इमाबारी, सुमारे ७० किलोमीटर, बेटाबेटांवरून पूल टाकत नेलाय, १९९९ मधे त्याचे शेवटचे पूल खुले झाले. हायवेचेच पूल ते, पण बांधतानाच कडेला सायकल आणि चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट ठेवली, पुलावर चढायचा सायकलचा रस्तासुद्धा वळणं देऊन मुद्दाम सौम्य केला. रस्त्यावर निळी रेघ मारलीये, रेघ धरून जायचं, नकाशाचीही गरज नाही. आता जगभरातनं लोक सायकल चालवायला तिथं जातात. आणि मला सगळ्यात आवडलं ते हे, ओनोमिचीतला पहिला पूल सायकलला अरुंद पडतो म्हणून तिथं सायकलवाल्यांना बोटीनेच पलीकडे जायला सांगतात. पूल आहे, तरी बोटही आहे.

आपल्याकडे निळी रेघ नको, एवढी हाव नाही. पुलाच्या एका कडेला दीड-दोन मीटरची पट्टी आणि गाड्यांच्या बाजूने कठडा, बस. आणि एक बारीक गोष्ट, जी चारचाकीतून बघणाऱ्या इंजिनिअरच्या लक्षात येत नाही. पाणी जायच्या लोखंडी जाळीच्या फटी आडव्या ठेवा, चाकाच्या दिशेने उभ्या नको. माझं पुढचं चाक एका लहान पुलावर (कुठला ते सांगत नाही, उगाच कुणाची नोकरी नको जायला) अशाच फटीत गेलं आणि मी हँडलवरून पलीकडे. गुडघ्यावर अजून डाग आहे, रिमला आठ पडला. पुढच्या गावात सायकल दुरुस्त करणारा कोणी उरलेला नाही, मोटरसायकलचं पंक्चर काढणाऱ्या म्हाताऱ्या काकांनी चाक काढून स्पोक एकेक पिळत तासभर लावला, पैसे घेईनात. म्हणाले पोरं शाळेत सायकलनं जायची तेव्हा रोजची कामं होती ही, आता हातच विसरला. मग बळंच खिशात घातले.

आणि जेट्या. पूल झाला की प्रवासी कमी होणार, बोट चालवणं परवडणार नाही, हे मलाही कळतं. पण सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन फेऱ्या तरी सरकारने धरून ठेवाव्यात असं मला वाटतं. तवसाळसारख्या गावात पुलाचं टोक कुठं निघेल आणि बाजार कुठं असेल कुणी सांगावं, पाटी डोक्यावर घेऊन पूल चालत ओलांडणं म्हणजे काय ते आधी ज्यांना चालायचंय त्यांना विचारा. गोव्यात तेरेखोलहून केरीला फेरीबोट जाते, आम्ही आमची सफर तिच्यावरच संपवली.

तुमच्या बातमीदारांना एवढंच सांगा की पुढच्या वेळी पुलाची बातमी करताना खर्च आणि लांबीच्या पुढे एक प्रश्न विचारा: सायकल आणि पायी चालणाऱ्यांसाठी आराखड्यात किती जागा धरलीये, मीटरमधे. आकडा छापा. शून्य असेल तर शून्य छापा.

आपली,
एक वाचक, डोंबिवली

ता.क. कुणाला जायचं असेल तर जेटीची शेवटची फेरी आदल्या गावात विचारून ठेवा आणि सुटे पैसे जवळ ठेवा, धक्क्यावर नेटवर्क गेलं की फोनने पैसे जात नाहीत. आमचे तवसाळला गेले नाहीत, तिघांचं तिकीट मागच्या टेम्पोवाल्याने भरलं आणि जयगडला उतरून आम्ही त्याला शोधतोय तोवर तो मालगुंडच्या रस्त्याला लागला होता. तो हे वाचत असेल तर आमच्याकडे त्याचे पैसे आहेत.