प्रोजेक्टमध्ये ‘माहिती कुठून आणली’ यालाही मार्क द्या

संपादक साहेब, नमस्कार.

ऐरोलीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे, आजूबाजूला शाळा भरपूर, त्यामुळे पोरांचे प्रोजेक्ट वर्षभर माझ्याच प्रिंटरमधून निघतात. “काका, राष्ट्रगीतावर दोन पानं माहिती काढा ना” एवढंच सांगतात, सर्चला पहिलं जे येईल त्याची प्रिंट, वर कलर फोटो, स्पायरल बाइंडिंग, झालं. हे कोणी लिहिलंय, कधी लिहिलंय, खरं आहे का, पोरं विचारत नाहीत, सोबतचे आईबाबा पण नाही, आणि शाळेतही कोणी विचारत नसावं, कारण ‘युनेस्कोने जन गण मन जगात बेस्ट ठरवलं’ ही किती वर्षं फिरणारी थाप मी तपासून आलेल्या प्रोजेक्टमध्ये बघितलीय, बाजूला बाईंची बरोबरची खूण! युनेस्कोने असं कधीच काही ठरवलेलं नाही.

मराठीवरचे निबंध घ्या. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने अभिजात दर्जा दिला, तरी नेटवर जुने लेख पडलेले आहेत आणि पोरं अजून ‘मराठीला अभिजात दर्जा मिळालाच पाहिजे’ असं छापून नेतात. लेख खोटा नाही, तारीख कोणी बघितली नाही. आता तर एआयचं उत्तर सगळ्यात वर येतं, मग खालची साईट उघडतंय कोण.

पण पोरांना हे जमत नाही असं अजिबात नाही. पावसाळ्यात ‘उद्या शाळांना सुट्टी’चं पत्र ग्रुपवर येऊ दे, हीच पोरं झूम करून तारीख बघतात, गेल्या वर्षीचं तर नाही ना, सही कोणाची, पत्र ठाण्याचं की रायगडचं, पालिकेच्या पेजवर आलंय का. म्हणजे नजर आहे, ती अभ्यासाकडे वळवायला कोणीतरी पाहिजे.

अमेरिकेत स्टॅनफर्डच्या लोकांनी इतिहासाचे प्राध्यापक, विद्यार्थी आणि बातम्या तपासणारे फॅक्टचेकर यांना त्याच साईट तपासायला दिल्या होत्या. बरेच प्राध्यापक आणि विद्यार्थी तिथेच वाचत बसले आणि चांगल्या लोगोला फसले, फॅक्टचेकर मात्र लगेच दुसरा टॅब उघडून ही साईट चालवतं कोण, बाकीचे तिच्याबद्दल काय म्हणतात ते बघायचे. हे सातवीतल्या पोरालाही एका तासात शिकवता येईल. केरळात कन्नूरच्या कलेक्टरांनी २०१८ मध्ये दीडशेच्या आसपास सरकारी शाळांत असे वर्ग घेतले, कारण तिथे गोवर-रुबेला लसीबद्दल व्हॉट्सअॅपवर वाट्टेल ते फिरत होतं. त्याच वर्षी १ जुलैला आपल्याच राज्यात, धुळ्याच्या राईनपाड्यात, मुलं पळवणारे आले या अफवेवरून पाच माणसं जमावाने मारली. भिक्षा मागून पोट भरणारी गरीब माणसं होती हो ती. आज माझ्या काउंटरवर उभी असलेली पोरं उद्या अशाच मेसेजवर फॉरवर्डचं बटण दाबणार आहेत, म्हणून एवढं तळमळून लिहितोय.

ठाणे आणि नवी मुंबईच्या शिक्षण विभागांना एकच विनंती, यासाठी नवीन विषय, नवीन पुस्तक नको. प्रत्येक प्रोजेक्टचं शेवटचं पान सक्तीचं करा, पोराने स्वतःच्या अक्षरात लिहायचं, माहिती कुठून घेतली, लिहिणारा कोण, तारीख काय, आणि दुसरीकडे कुठे पडताळली. वीसपैकी पाच मार्क त्या पानाला द्या, आणि बाइंडिंग-डेकोरेशनचे काढून टाका, माझा धंदा थोडा कमी झाला तरी चालेल.

– एक झेरॉक्स दुकानदार, ऐरोली, नवी मुंबई