पट्टीवाचून सराव कसला?

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील आळशी डोळ्यावरचा, म्हणजे मेंदू ज्याच्याकडे दुर्लक्ष करतो अशा अधू डोळ्यावरचा, लेख वाचल्यापासून मन अस्वस्थ आहे. दृष्टीच्या सरावामुळे मुलांची चांगला डोळा झाकणाऱ्या पट्टीतून सुटका होते, असे लेखिका लिहितात. सराव पट्टीच्या जोडीने करायचा असतो, हे लेखात एकदाही आलेले नाही आणि नेमक्या याच घोळात आमच्या मुलीचे आठ महिने वाया गेले.

तिच्या डाव्या डोळ्याला साडेचारचा नंबर होता आणि उजवा जवळजवळ निर्दोष, त्यामुळे डावीकडून येणारे धूसर चित्र मेंदूने बाजूलाच सारले होते. पाचव्या वर्षी हे उघडकीस आले, तेव्हा त्या डोळ्याने तिला तक्त्यावर ६/३६ च्या (निरोगी डोळ्याला ३६ मीटरवरून दिसणारे अक्षर सहा मीटरवरून वाचता येण्याच्या) खालची ओळ दिसत नव्हती. नेत्रतज्ज्ञांनी चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर रोज सहा तास पट्टी सांगितली. पट्टी लावली की ती रडायची, भिंतीला धरून चालायची. आमच्याने ते बघवेना. त्यातच एका केंद्राने सांगितले की पट्टीची गरज नाही, संगणकावरच्या खेळांनीच डोळा जागा होईल. आम्ही पट्टी काढली. आठ महिन्यांनी तपासले तर डोळा होता तिथेच होता.

पट्टी पुन्हा सुरू केली, तेव्हा तिच्या आजीने ते सहा तास आपल्या अंगावर घेतले. मणी ओवणे, चित्रे रंगवणे, तांदळातले खडे वेचणे, असे काही ना काही ती नातीच्या हाती देत राहिली आणि पट्टीखालून चोरून बघू दिले नाही. सव्वा वर्षाने तोच डोळा ६/१२ वर आला.

अमेरिकेतील बालनेत्ररोग संशोधकांच्या गटाने २००८ साली ४२५ मुलांवरील चाचणी प्रसिद्ध केली. रोज दोन तास पट्टी लावून जवळची कामे करणारी आणि लांबचे पाहणारी मुले सारखीच सुधारली. म्हणजे विशिष्ट, महागड्या सरावावाचून अडत नाही. हाताला काम असले की मूल पट्टी डोळ्यावर राहू देते, हाच मला त्याचा खरा उपयोग वाटतो. टॅब्लेटवरील खेळ पट्टीच्या तोडीचा असल्याचेही त्याच गटाच्या २०१६ च्या चाचणीत सिद्ध झाले नाही. सातव्या वर्षानंतर उपाय नाही, हे लेखातील विधान तर पालकांना हताश करणारे आहे. २००५ च्या चाचणीत ७ ते १२ वर्षांच्या, चष्म्यासोबत पट्टी, चांगल्या डोळ्याचे दिसणे धूसर करणारे ॲट्रोपिनचे थेंब आणि जवळची कामे दिलेल्या ५३ टक्के मुलांची दृष्टी किमान दोन ओळींनी सुधारली. नुसता चष्मा दिलेल्यांत हे प्रमाण २५ टक्के होते.

शाळांतील नेत्रतपासणीबद्दलही एक तक्रार आहे. बालवाडीत आमच्या मुलीला ‘दृष्टी उत्तम’ असा शेरा मिळाला होता, कारण तिने डोळा स्वतःच्या तळहाताने झाकला होता आणि बोटांच्या फटीतून चांगल्या डोळ्याने सारा तक्ता वाचला होता. निदान डोळा झाकायला पुठ्ठा तरी द्यावा आणि तो मोठ्या माणसाने धरावा.

– एक आई, सांगली